ग्रामपंचायतीच्या डोळ्याविरुद्ध अर्ज

अर्ज लिहिणे हे काम लोकांना वाटते तितके सोपे नाही. पक्षकार येतो तो चार पिढ्यांची भांडणे पाठीवर घेऊन, आणि साहेबाला वाचावयास वेळ असतो तो चहा निवेपर्यंतचा. या दोहोंच्या मध्ये जो बसतो तो अर्जनवीस. माझे शाळेतील शिक्षण सहाव्या इयत्तेत संपले. त्यापुढील सर्व शिक्षण अकोले येथील कचेरीच्या आवारात, चिंचेखाली, उतरत्या झाकणाच्या पेटीवर कागद ठेवून झाले. कायद्याची पदवी घेतलेले कितीतरी वकील ‘सबब’ हा शब्द नेमका कोठे घालावा, ते माझ्याकडून विचारून गेले आहेत. हे आत्मस्तुतीसाठी सांगत नाही. पुढे जी हकीकत सांगावयाची आहे, तिच्यात माझा उल्लेख गावातील लोक क्वचितच करतात, म्हणून आरंभीच नोंद करून ठेवलेली बरी.

आमचे गाव अकोल्याहून राजूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूस, डोंगराच्या कुशीत आहे. सकाळच्या एस.टी.ने मी कचेरीत जाई व संध्याकाळच्या एस.टी.ने परत येई. एकोणीसशे सत्तर साल नुकतेच मागे पडले होते. गावात वीज येऊन फार काळ झाला नव्हता. आळीआळीत खांब होते, खांबांवर पिवळे बल्ब होते, आणि प्रत्येक आळीच्या तोंडाशी एका पत्र्याच्या पेटीत खटका होता. हे खटके संध्याकाळी चालू व पहाटे बंद करण्यासाठी ग्रामपंचायतीने एक माणूस नेमला होता. त्याला सारे गाव दिवेवाला म्हणे.

दिवेवाला वयाने माझ्याच बरोबरीचा. वीज येण्यापूर्वी खांबांवर रॉकेलचे कंदील असत, तेही तोच लावी. पण तो नुसते खटके दाबणारा इसम होता, असे समजणे चुकीचे ठरेल. सूर्य डोंगराआड गेला, की तो चावडीसमोरच्या पारावर उभा राही, कपाळावर आडवा हात धरी आणि आभाळ न्याहाळी. कोणी घाईने म्हणाले, “लाव की गड्या, दिसंना झालं,” तर मान न वळवता सांगे, “अजून न्हाई.” मग त्याच्या मनास येईल तेव्हा तो पारावरून उतरे, आणि आळीआळीने उजेड होत जाई. बायका देवापुढे सांजवात लावीत, त्या त्याचा दिवा पाहून. गावची संध्याकाळ आपल्या मंजुरीशिवाय होत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती, आणि खरे सांगावयाचे तर गावाचीही होती. त्यास जमीन नव्हती, दुसरे काम येत नव्हते, आणि येत असते तरी त्याने केले नसते.

अशा स्थितीत आमचे सरपंच, ज्यांना सर्वजण अण्णा म्हणत, जिल्ह्याच्या पूर्वेकडील एका साखर कारखान्यावर पाहुण्यांकडे गेले. कारखान्याच्या आवारातील दिवे संध्याकाळी कोणी हात न लावता आपोआप लागताना त्यांनी पाहिले, आणि देवदर्शन झाल्यासारखे ते परत आले.

“मानूस न्हाई, काय न्हाई,” ते चावडीवर सांगत होते. “वर एक डोळा बशिवलाय. दिस मावळला की त्यो वळखतो आन् दिवं लावतो. आपल्या गावालाबी डोळा पायजे.”

आज अशा वस्तूस शिकलेले लोक सेन्सर म्हणतात. आमच्या गावात तेव्हापासून आजतागायत डोळाच म्हणतात, आणि वस्तूचे काम पाहता हे नाव अधिक योग्य आहे, असे माझे मत आहे.

हा डोळा तयार केला तो मिशनच्या शाळेत विज्ञान शिकविणाऱ्या मास्तरांनी. मास्तर ख्रिस्ती, वडिलांपासून शिक्षकी पेशातले, बोलण्यास थोडे. गावातील बिघडलेले रेडिओ त्यांच्याकडे जात आणि बहुतेक बरे होऊन येत. पुण्याहून त्यांनी सुटे भाग आणविले, आणि एके दिवशी चावडीच्या ओट्यावर सर्वांसमक्ष एक बारीकशी चकती तळहातावर धरून दाखविली. तिच्यावर तांबूस नागमोडी रेघ होती.

“ह्यो डोळा?” दिवेवाला म्हणाला. “ह्यो तर सदऱ्याच्या गुंडीएवढा हाय.”

“पाहायला एवढा पुरतो,” मास्तर म्हणाले.

मास्तरांनी जे समजावून सांगितले, ते मी माझ्या भाषेत मांडतो, कारण त्यांच्या भाषेत ते कोणासच समजले नव्हते. या चकतीतून वीज जाण्यास वाट असते, परंतु ती अडचणीची असते. अंधार असेल तर चकती विजेला अडवून धरते. उजेड पडला की मोकळी सोडते. अशी सुटलेली वीज इतकी थोडी असते, की तिच्यावर काजवाही पेटणार नाही. ती फक्त पेटीतील एका लहानशा चुंबकास जागे करते. चुंबक जागा झाला की एक पट्टी ओढून धरतो, आणि पट्टी ओढलेली असेतोवर दिव्यांची मोठी वीज तुटलेली राहते. दिवस मावळला की चकती अडवू लागते, चुंबक ढिला पडतो, पट्टी सुटते आणि दिवे लागतात. कोणी येत नाही, कोणी जात नाही.

“समजले,” मी म्हणालो. “हा कचेरीतील कारकुनाच्या नेमका उलट आहे. कारकून उजेडात अडवतो आणि अंधारात सोडतो.”

मास्तर हसले नाहीत. परंतु “तत्त्व बरोबर आहे, रायटरसाहेब,” असे म्हणाले, आणि मला तेवढे पुरे होते.

दिवेवाल्याने मात्र उलटतपासणी आरंभिली.

“ह्याला झोप लागती का?”

“नाही.”

“ताप, खोकला?”

“नाही.”

“पाव्हण्याकडं लगनाला जातो?”

“नाही हो.”

“मंग पगार काय?”

“पगार नाही.”

दिवेवाल्याने सर्वांकडे पाहिले. “पगार घेत न्हाई त्याचा भरवसा कसा धरायचा? त्यो कवाबी उठून जाईल.”

“तू पगार घिऊन तरी कुटं थांबतूस?” अण्णा म्हणाले. “राजूरच्या बाजाराला गेलास की दिवसभर बल्ब जळत्यात. आता ऐक. दिवाळीपतुर तू ऱ्हा. डोळा चालतो का बघू. मंग तुला सुट्टी.”

“सुट्टी म्हंजी?”

“सुट्टी म्हंजी सुट्टी.”

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी एस.टी.साठी निघालो असता दिवेवाला माझ्या दारात येऊन बसला.

“रायटर, लिवा.”

“काय लिहू?”

“लिवा की डोळा नको.”

“कारण द्यावे लागते.”

“कारन मी हाय की.”

अर्जदार हयात आहे, हे कायद्याच्या दृष्टीने पुरेसे कारण होत नाही. मी त्यास तसे समजावले आणि प्रकरण हाती घेतले. सबंध तालुक्यात विद्युत उपकरणाच्या ज्ञानेंद्रियाविरुद्ध लिहिला गेलेला पहिला अर्ज माझा आहे, यात मला शंका नाही. आणि पहिले काम करणाऱ्यास आधी चौकशी करावी लागते.

त्याच सुमारास कोर्टाच्या कामानिमित्त मला नगरास जावे लागले. माझे साडू तेव्हा सावेडीकडे नव्याने राहावयास गेले होते. त्यांच्या ओळखीच्या एका फोटोग्राफराकडे मी गेलो. त्याच्यापाशी काड्यापेटीएवढे एक यंत्र होते. त्यास माणसाच्या तोंडासमोर धरले की काटा हले, आणि किती उजेड आहे ते समजे. मी विचारले, “माणूस गोरा की काळा, हे यास समजते काय?” तो म्हणाला, “अहो, यास माणूस आहे की भिंत, हेही समजत नाही. उजेड तेवढा समजतो.” हे मी मनात टिपून ठेवले.

नंतर एका सिनेमागृहाच्या ऑपरेटरास, मी चौकशीकामी आलो आहे असे सांगून, यंत्राच्या खोलीत प्रवेश मिळविला. तेथे मला कळले, की सिनेमातील बोलणे फिल्मच्या कडेला एका बारीक पट्टीत काळ्या-पांढऱ्या रेघांनी उमटवलेले असते. दिव्याचा बारीक किरण त्या पट्टीतून जाऊन पलीकडील डोळ्यावर पडतो. रेघांप्रमाणे उजेड कमीजास्त होतो, त्याबरोबर वीज कमीजास्त होते, आणि तीच पुढे कर्ण्यातून आवाज होऊन बाहेर पडते. म्हणजे नायिका रडते ती आधी उजेडात रडते. खात्री करण्यासाठी मी किरणाच्या वाटेत बोट घातले. पडद्यावर नायकाचे ओठ हलत राहिले आणि आवाज बंद झाला. खाली प्रेक्षकांनी ज्या शिट्या मारल्या, त्यावरून प्रयोग यशस्वी झाल्याचे दिसून आले. ऑपरेटरने मला जिन्यापर्यंत स्वतः सोडले, तेही दंडास धरून.

अण्णांचे पाहुणे ज्या कारखान्यावर होते, त्यांच्याकडूनही मी माहिती मागविली. तेथे चालत्या पट्ट्यावरून साखरेची पोती जात, आणि आडव्या किरणास पोते आडवे आले की डोळा एक आकडा पुढे सरकवी. एकदा एक हमाल दुखऱ्या गुडघ्यामुळे त्या पट्ट्यावर बसून पलीकडे गेला, तर डोळ्याने त्यास पोते म्हणून मोजले आणि संध्याकाळी गोदामात एक पोते कमी भरले.

या सर्व पुराव्यावरून मी असे अनुमान काढले, की डोळा कितीही हुशार असला, तरी त्यास जगातील एकच गोष्ट समजते. माझा हा सिद्धांत मी मास्तरांना ऐकविला, तेव्हा ते म्हणाले, “म्हणूनच तो चुकत नाही.” 

अर्जात मी लिहिले: ‘सदर डोळ्यास सूर्य मावळला, सूर्यास ग्रहण लागले अथवा सूर्यापुढे ढग आला, यांतील भेद कळत नाही. पौर्णिमेच्या रात्री तो फसून गावास अंधारात ठेवण्याचा संभव आहे. घुबड, वटवाघूळ इत्यादी प्राणी त्यावर बसल्यास काय होईल, याचा विचार झालेला दिसत नाही. सबब डोळा नामंजूर होऊन अर्जदारास पूर्ववत ठेवावे.’

अण्णांनी अर्ज चावडीवर सर्वांसमोर वाचविला आणि म्हणाले, “गिरानात दिवं लागलं तर बिघडलं काय? अंधारच असतो की तवा.” पौर्णिमेबद्दल त्यांनी मास्तरांना विचारले. चंद्राचा उजेड या चकतीस पुरत नाही, असे मास्तरांनी सांगितले. घुबडाच्या मुद्द्यास कोणी उत्तर दिले नाही, परंतु अर्ज फेटाळला गेला.

डोळा पंचायत-कचेरीच्या कौलांवर, आढ्याशी ठोकलेल्या लोखंडी दांड्यावर बसविण्यात आला. त्यास पाऊस लागू नये म्हणून मास्तरांनी वर पत्र्याची झापड केली, आणि आळ्यांतील दिव्यांचा उजेड त्याच्यावर पडू नये म्हणून तोंड डोंगराकडे ठेविले. चुंबकाची पेटी आत भिंतीवर, कुलुपात. पहिल्या संध्याकाळी सारे गाव जमले. दिवेवाला पारावर पाठ करून बसला होता. काहीएक सूचना न देता सर्व आळ्यांतील दिवे एकदम लागले. बायकांनी हात जोडले. मी दिवेवाल्याजवळ गेलो, तर तो म्हणाला, “लई लौकर लावलं.”

पुढे खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे ज्याच्या त्याच्या हत्यारांची पूजा होते. शेतकरी नांगर धुतो, सुतार वाकस मांडतो, मी स्वतः दौत-टाक पुजतो. दिवेवाल्याने सकाळी आंघोळ केली, डोळ्याला आपण नमस्कार करणार नाही असे बायकोस दोनदा सांगितले, आणि नंतर शिडी लावून कौलांवर चढला. दावा असला म्हणून शास्त्र सोडता येत नाही, असे त्याने मागाहून मला सांगितले. त्याने डोळ्यावर पाणी शिंपडले, बोट भरून हळद-कुंकू लावले, ते नेमके चकतीवर, आणि झेंडूची भरघोस माळ झापडीवरून पुढे सोडली.

डोळ्यास रात्र झाली. भर सकाळी गावातील सर्व दिवे लागले. पूजेच्या दिवशी हत्यारास हात लावावयाचा नसतो, म्हणून आळ्यांचे खटकेही कोणी बंद केले नाहीत, आणि दिवे दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वर जाऊन चकती पुसेपर्यंत जळत राहिले. दसऱ्याचे सोने वाटावयास आलेले शेजारच्या गावचे लोक विचारीत, “आज काय इशेष?”

“ह्यानं मुद्दाम केलं,” अण्णा म्हणाले.

“पूजा मुद्दामच करत्यात,” दिवेवाला म्हणाला. “चुकून कोन पूजा करतं?”

हे उत्तर तर्कास धरून असले, तरी सरपंचास देण्यासारखे नव्हते. दिवाळीची वाट न पाहता त्यास त्याच दिवशी कामावरून काढण्यात आले. एवढ्यावर न थांबता, त्याने पुन्हा कोठे हात घालू नये म्हणून अण्णांनी आळ्यांच्या तोंडावरील पत्र्याच्या पेट्या खटक्यांसह उखडून टाकविल्या आणि तारा सरळ जोडून घेतल्या. मी दुसरा अर्ज तालुक्याच्या ठिकाणी वरिष्ठांकडे पाठविला. त्याचे उत्तर आले नाही. दिवेवाला संध्याकाळी पारावर येई, सवयीने आभाळाकडे पाही, दिवे लागले की उठून घरी जाई. त्याच्या बायकोने लोकांची भात-कापणी धरली. तो तिच्याबरोबर एक दिवस गेला आणि विळा बोथट आहे, म्हणून परत आला.

त्या वर्षी डिसेंबरात लढाई सुरू झाली. शहरांतून रात्री दिवे बंद ठेवण्याचे हुकूम निघाले. आमच्या तालुक्यातही कचेरीतून निरोप आला, आणि कोतवालाने दवंडी दिली, की दिवस मावळल्यापासून उजाडेपर्यंत कोणाच्याही घरातून अथवा रस्त्यावरून उजेड दिसता कामा नये. आमच्या गावी या हुकुमास विशेष अर्थ होता. वरच्या अंगाला भंडारदऱ्याचे धरण. विमानवाला खालच्या गावाचे दिवे पाहून नदी ओळखील, नदीवरून धरण शोधील, आणि मग आपल्याला पोहावयास लागेल, असे लोकांनी आपसात ठरविले होते.

मी संध्याकाळच्या एस.टी.ने उतरलो, तेव्हा गाडीच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग फासलेला होता. गावात शिस्त अशी, की पाहून समाधान वाटावे. खिडक्यांना गोणपाट लावलेले, चुली झाकलेल्या, विड्या विझवलेल्या. अण्णा चावडीसमोर उभे राहून कोणाच्या फटीतून उजेड येतो, ते पाहत होते. डोंगराकडचा शेवटचा तांबडेपणा गेला, आणि आजूबाजूच्या एकाही वाडीचा दिवा दिसेनासा झाला.

त्याच क्षणी आमच्या गावातील यच्चयावत खांब लखलखीत पेटले.

एरवी ते बल्ब पिवळे आणि मंद म्हणून आम्ही तक्रार करीत असू. त्या दिवशी सबंध खोऱ्यात तेवढेच दिवे होते, आणि गाव एखाद्या देवाच्या पालखीसारखे सजलेले दिसत होते. 

“बंद करा,” अण्णा म्हणाले.

“कशानं?” कोणीतरी विचारले.

खटके उखडलेले होते. चुंबकाच्या पेटीची किल्ली मास्तरांकडे, आणि मास्तर नाताळच्या गाण्यांची तालीम घेण्यासाठी नगरास गेलेले. वायरमन अकोल्यास राही, आणि तिकडे जाणारी गाडी निघून गेली होती. पोरांनी गोफणी आणल्या. अण्णांनी त्यांस थांबविले. “बल्ब पंचायतीचं हायेत,” ते म्हणाले, आणि मग त्यांना सुचले ते असे: “वर जाऊन त्या डोळ्यावर पोतं टाका. डोळा झाकला की इझंल सगळं.”

येथे मी पुढे झालो. गावात चौकशीअंती बोलणारा मी एकटाच होतो.

“अण्णा, खंडेनवमीस डोळा झाकला होता. काय झाले, ते आठवावे. झाकला की त्यास रात्र होते. दिवे विझवावयाचे असतील तर त्याला दिवस दाखविला पाहिजे.”

“म्हंजी?”

“अंधार पाहिजे असेल, तर उजेड करा.”

“रायटर,” अण्णा शांतपणे म्हणाले, “वरून इमान येतंय आन् तुमी उखाने घालताय.”

मी पुन्हा एकवार, सावकाश, कारकुनाच्या दाखल्यासह समजाविले. शेवटी त्यांनी घरून आपली तीन सेलांची बॅटरी आणविली. आता प्रश्न चढण्याचा होता. त्या कौलांवर पाय कोठे ठेवला असता कौल फुटत नाही, हे गावात एकाच माणसास ठाऊक होते. तो पारावर मांडी घालून बसला होता.

“चढ,” अण्णा म्हणाले.

“मला सुट्टी हाय,” दिवेवाला म्हणाला.

“आरं, गावावर येळ काय आन् तू बोलतूस काय.”

“तुमीच दिली की सुट्टी. सुट्टीत मानूस काम करत न्हाई.”

“बरं, घेतला तुला कामावर. चढ.”

दिवेवाल्याने माझ्याकडे पाहिले. “रायटर, ह्ये तोंडी चालतं का?”

व्यवसायाने मला खोटे बोलता येईना. “तोंडी हुकुमास आधार नसतो,” मी सांगितले.

अण्णांनी माझ्याकडे जे पाहिले, ते मी आजवर विसरलेलो नाही. मी पिशवीतून कागद काढला आणि खांबाखाली, ज्या दिव्यांस विझवावयाचे होते त्यांच्याच उजेडात, उभ्याने हुकूम लिहिला: ‘दिवाबत्तीचे काम पाहणाऱ्या इसमास आज रोजीपासून पूर्ववत कामावर घेण्यात येत आहे.’ इतक्या सुरेख अक्षरात मी घाईच्या वेळी दुसरे काही लिहिलेले नाही. अण्णांनी सही केली.

“वाचून दावा,” दिवेवाला म्हणाला.

मी वाचून दाखविला.

“आनि येकदा. जरा मोठ्यानं.”

“आरं बाबा, इमान यील,” एक म्हातारी म्हणाली.

“यीऊं द्या, मावशे. सही वाळू द्या.”

सही वाळल्यावर त्याने कागद घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला, शिडी लावली, आणि पाहता पाहता आढ्याशी पोचला. त्याने डोळ्यावर बॅटरी धरली. सर्व गाव एकदम अंधारात बुडाले. लोकांनी श्वास सोडला, आणि मी अण्णांना म्हणालो, “पाहिले?” अंधारामुळे त्यांनी मान हलविली की नाही, ते समजले नाही.

तेवढ्यात दिवेवाल्याचा हात अवघडला. बॅटरी खाली आली. सर्व दिवे लागले. त्याने ती पुन्हा धरली, विझले. मग त्यास शिंक आली. गाव लागले, विझले, लागले.

“आरं, त्यो खुना करतोय इमानाला,” गोफणवाल्या पोरांपैकी एकजण म्हणाला.

“बॅटरीचाबी उजेड दिसतोय वर,” अण्णा म्हणाले. “घोंगडी द्या त्याला.”

बांबूच्या टोकाला लावून घोंगडी वर दिली. दिवेवाल्याने ती स्वतःवर, बॅटरीवर आणि डोळ्यावर अशी तिघांवर मिळून पांघरली. आता कोठेही काही दिसेना. सेल संपतील म्हणून वात बारीक करून एक कंदीलही वर पाठविला, तो त्याने घोंगडीत घेतला. थोड्या वेळाने आढ्यावरून दबका आवाज आला.

“रायटर, किती येळ?”

“उजाडेपर्यंत.”



“ह्ये कागदात हाय का?”

“पूर्ववत कामावर, असे आहे.”

“पूर्ववत तर मी घरी झोपत हुतो.”

मी जेवावयास गेलो.

सकाळी तो उतरला तेव्हा कंदिलाच्या काजळीने नाकाडोळ्यांसकट काळा झाला होता, आणि घोंगडीला रॉकेलचा असा वास होता, की ती पुढे कोणी परत मागितली नाही. परंतु विमान आले नव्हते. त्यानंतर लढाई संपेपर्यंत रोज संध्याकाळी, दिवस मावळण्यापूर्वी, दिवेवाला कंदील घेऊन घोंगडीत जाई, आणि गाव अंधारात राहावे म्हणून दिवा लावून बसे. मी हे कचेरीत एका नायब साहेबांस सांगितले. त्यांनी मला दोन दिवस रजा घेण्याचा सल्ला दिला.

मास्तर नगरहून परतले. सर्व ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “पेटीच्या बाहेर एक खटका बसवून देतो. दोन मिनिटांचे काम आहे.” त्यांनी तो दिला. तो खाली केला, की डोळ्यास काहीही वाटो, दिवे लागत नसत. लढाईही त्याच सुमारास संपली, आणि दिवेवाल्याच्या नोकरीचा प्रश्न पुन्हा जिथल्या तिथे आला.

अण्णा माझ्या घरी आले. पूर्वी ते कधी आले नव्हते. चहा झाल्यावर त्यांनी विचारले, “रायटर, त्यो कागूद मागं घेता येतो का?”

“घेता येतो. त्यासाठी दुसरा कागद करावा लागेल.”

“तुमी करून द्याल?”

मी कपबशी खाली ठेवली. ज्या हाताने हुकूम लिहिला, त्याच हाताने तो रद्द करणे व्यवसायाच्या विरुद्ध नाही. मी असे अनेकदा केले आहे. परंतु त्या वेळी मी म्हणालो, “अण्णा, उद्या पुन्हा असा हुकूम आला, तर तो खटका खाली कोण करणार?”

 अण्णा मिशीवरून हात फिरवीत म्हणाले, “त्ये बी खरं. डोळ्याला हुकूम ऐकू येत न्हाई. ह्याला येतो. ऐकत न्हाई ती गोष्ट येगळी.” आणि उठून गेले. त्यानंतर पंचायतीत हा विषय कोणी काढला नाही. दिवेवाल्याची नोकरी राहिली. आपल्या अर्जांमुळेच ती राहिली, असे मी समजतो. घोंगडीमुळे राहिली, असे गाव समजते.

काम मात्र त्यास उरले नव्हते. डोळा दिवे लावी, डोळा विझवी. दिवेवाला खटक्याखाली स्टूल टाकून पहारा करी, आणि याचे त्यास दुःख होते. पुढे माघात एके दिवशी अवकाळी आभाळ आले, डोंगरावरून काळे ढग खाली उतरले, आणि ऐन दुपारी दिवे लागले. तो तडक एस.टी.ने अकोल्यास माझ्या चिंचेखाली आला.

“रायटर, लिवा. त्यानं मला न इचारता दिवं लावलं.”

“कोणी?”

“डोळ्यानं. मी खाली बसलेला असताना. ह्यो अपमान हाय.”

यंत्रास प्रतिवादी करता येत नाही, हे मी त्यास समजाविले. करावयाचेच झाले, तर त्याच्या वतीने मास्तरांस उभे करावे लागेल.

दिवेवाला विचारात पडला. “मास्तरांस्नी नको,” तो म्हणाला. “भला मानूस हाय. तुमी त्याला नुसती समज द्या.”

समज देणे हा कार्यालयीन शिस्तीचा मान्य प्रकार आहे. संध्याकाळी गावी उतरल्यावर मी पंचायत-कचेरीसमोर उभा राहिलो, आणि दिवेवाल्याच्या समक्ष, आढ्याकडे पाहून, यापुढे संबंधित कर्मचाऱ्यास विचारल्याशिवाय दिवे लावू नयेत, अशी तोंडी समज दिली. दिवेवाल्याचे समाधान झाले. दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन पडले, आणि दिवे वेळेवर लागले.